मंडळीतलं एक माणूस : तुमचे अनुभव लिहा

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय आला की आपण भराभर पानं उलटतो. नुसती नावंच तर आहेत! पण पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे २० हून अधिक जणांची नावं घेतो आणि कितीतरी जणांनी काय केलं तेही सांगतो. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, रूफची आई तर त्यालाही आईसारखी. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या ज्या माणसाचे आभार मानावेसे वाटतात, त्याच्याबद्दल तसंच लिहा. ‘आमची मंडळी फार प्रेमळ आहे’ असलं गुळगुळीत नको. एक माणूस आणि त्याने केलेली एक गोष्ट, बस. नावं मात्र टाळा, बिचारे संकोचतील.

संडे स्कूलची शिक्षिका
पोटातलं बाळ गेलं, त्यानंतर मला प्रार्थना येईना. डोळे मिटले की राग यायचा. महिला मंडळातल्या एक काकू घरी आल्या. ‘देवाची इच्छा’ वगैरे काही बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. म्हणाल्या, "तुला नाही जमत ना, राहू दे. तुझ्या वाटची मी करते." मग धुवून पडलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या नवऱ्याच्या शर्टाची कॉलर त्यांनी अशी दाबून सरळ केली, जणू उद्या त्यालाच उपासना घ्यायची आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असं तिथे लिहिलंय. बाजेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. मी ती बाजेवरची.

नोकरी गेलेला
लोक विचारतील म्हणून चर्चला जाणंच सोडलं होतं. मागच्या बाकावर बसणारे एक गृहस्थ दर शनिवारी संध्याकाळी फोन करायचे. का येत नाहीस, हे एकदाही विचारलं नाही. उद्याचा बायबलमधला शास्त्रपाठ कुठला, गीतं कोणती, एवढं सांगून फोन ठेवायचे. पाळकसाहेबांनी सांगितलं असेल असं वाटायचं. नंतर कळलं, पाळकसाहेबांना याचा पत्ताच नव्हता.

गायनवृंदातला
माझा अनुभव जरा तिरपा आहे. कमिटीतल्या एका भावाशी माझं पटत नाही, आजही नाही. हिशोबाच्या बैठकीत आम्ही दोघं असलो की बाकीचे घड्याळाकडे बघतात. वडील गेले त्या दिवशी हाच सगळ्यांत आधी हजर. शवपेटीला खांदा दिला आणि दफनविधी आटोपेपर्यंत हलला नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा माझ्या ठरावाला विरोध! तरी आभार मानायचे तर त्याचेच.

नजर अधू झालेले आजोबा
तरुण संघातली एक मुलगी दर आठवड्याला शास्त्रपाठ मोठ्या टाइपात छापून माझ्या हातात ठेवते. परवा तिला दाखवलं, गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल स्वतःच म्हणतो की बघा, मी किती मोठ्या अक्षरांत लिहितोय. ती म्हणाली, "मग त्यालाही चष्मा लागला असणार!" काही अभ्यासकही असाच अंदाज करतात.

रात्रपाळीची नर्स
आभार देवाचे मानायचे, माणसांचे कशाला, असं आमच्याकडे काही जण म्हणतात. मला हा वाद पटत नाही. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो, तेव्हा आभार देवाचेच मानतो, पण त्या माणसांची आठवण काढून. आणि त्यांनी आपल्यातल्याच एपफ्रदीताच्या हाती मदत धाडली, त्याची पोचही देतो. मला रात्रपाळीमुळे सकाळची उपासना क्वचितच मिळते. एक ताई उपदेशाची टिपणं वहीत काढून देतात. समासात त्यांचे शेरे असतात : ‘इथे पाळक लांबले’, ‘हे तुझ्यासाठी’. खरं सांगू, मी समास आधी वाचते.