पोचलेच नाहीत, मग फलक कसला?

नाना_नौपाडा
मुलाकडे अमेरिकेत युटाला दीड महिना राहून आलो. तिथे स्पॅनिश फोर्क गावाजवळ दोमिंगेझ आणि एस्कलांते या पाद्र्यांच्या १७७६ च्या मोहिमेचा स्मृतिफलक आहे. फोटो काढला, पण नेमका मजकुरावर नातवाचा अंगठा. नावं आणि साल तेवढं दिसतंय. मुलगा म्हणतो, "बाबा, ते कॅलिफोर्नियाला निघाले होते, पोचलेच नाहीत." अहो, मग फलक कसला? ठाण्याहून निघून कुर्ल्याला अडकलेल्यांचे फलक लावायचे म्हटलं तर दगड पुरायचे नाहीत. माहीतगारांनी सांगावं.

ऐरोलीकर
नाना, पोचले नाहीत हे खरंच. २९ जुलै १७७६ ला दहा जण आजच्या न्यू मेक्सिकोतल्या सांता फेहून निघाले, जायचं होतं कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला. सरळ पश्चिमेऐवजी उत्तरेकडून वळसा घेतला. वाटेत, आजच्या कोलोरॅडोत, युटा तळ्याकाठचा एक माणूस भेटला, तो वाटाड्या. त्याचं नाव यांनीच सिल्व्हेस्त्रे ठेवलं. त्याच्याच मुलखात, स्पॅनिश फोर्कच्या घळीतून, २३ सप्टेंबरला ते उतरले.

ऑक्टोबरात बर्फ पडायला लागलं, शिधा आटला. माणसांत कुरकुर. ११ तारखेला चिठ्ठ्या टाकल्या: माँटेरे की सांता फे? सांता फे निघाली. परतताना स्वतःचे घोडे मारून खायची वेळ आली. ७ नोव्हेंबरला कोलोरॅडो नदी ओलांडली. जनावरं खाली उतरवायला खडकात कुऱ्हाडीने पायऱ्या पाडाव्या लागल्या. ती जागा आता धरणाच्या पाण्यात, लेक पॉवेलखाली गेलीय. २ जानेवारी १७७७ ला सांता फेला परत.

हाती काय लागलं? रोजनिशी, आणि सोबतच्या मिएराने काढलेला नकाशा. त्या मुलखाबद्दल एवढं तपशिलात त्याआधी कोणी लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या मते फलक त्या वहीचा आहे.

कोलशेत_खाडी
जरा विषयांतर. हे दोघे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती पंथाचे. त्याच पंथाचे चौघे १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात मारले गेले. सोबतचा पाद्री जोर्दानुस वाचला, त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. मागून ओदोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे थेट चीनला गेला. मासुंदा तलावाला रोज तीन फेऱ्या मारतो मी, त्याच्या नावाचा दगड काही दिसला नाही.

नाना_नौपाडा
हाडांचं गाठोडं घेऊन चीन! आणि आम्ही एका बॅगेत जास्त वजन झालं म्हणून विमानतळावर लोणच्याची बरणी काढून ठेवली.

ऐरोलीकर, चिठ्ठ्यांचं वाचून समाधान झालं. ज्याला पुढे जायचंच होतं तोही चिठ्ठी बघून गप मागे वळला असेल, तेही सोपं नाही. मुलाला सांगितलंय, रविवारी जाऊन पुन्हा फोटो काढ. नातवाला गाडीतच बसव.