गिअरवालं वाफेचं इंजिन हळू चालतं, पण एक्सप्रेससारखं वाजतं. हे कसं?

मिताली_कोथरूड:
मेलबर्नजवळच्या डोंगरात बेलग्रेव्ह ते जेमब्रूक अशी पफिंग बिली नावाची छोटी रेल्वे आहे, 1900 साली सुरू झालेली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिमी, आपल्या जुन्या बार्शी लाइटचाच. भाच्याने तिथल्या 1694 नंबरच्या, क्लायमॅक्स नावाच्या गिअरवाल्या जातीच्या इंजिनाचा व्हिडिओ पाठवला आणि मी कालपासून तोच बघतेय. सिलिंडर तिरके बसवलेत. चाकांना जोडणारे बाहेरचे दांडे कुठेच दिसत नाहीत. आवाज असा की गाडी धावत सुटलीय असं वाटावं, प्रत्यक्षात शेजारून माणूस चालत जाईल इतका वेग!

गिअर आहेत एवढं कळलं. पण गिअरने ताकद वाढते हेच सगळं उत्तर आहे का? आणि एवढं चांगलं होतं तर आपल्या माथेरानला असं इंजिन का नव्हतं? तिथेही 1 ला 20 चा, म्हणजे 20 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर, असा चढ आहेच.

भोसरीकर:
ताई, माझं आयुष्य बेव्हल गिअर (फिरणं कोनात वळवणारे शंकूसारखे गिअर) कापण्यात गेलं, त्यामुळे हा प्रश्न सोडवत नाही. जरा लांबेल.

आधी आवाजाचं. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भुसके, म्हणजे वाफ सुटल्याचे आवाज, येतात. क्लायमॅक्समध्ये दोन्ही बाजूंचे तिरके सिलिंडर बॉयलरखालचा एक आडवा क्रँकशाफ्ट फिरवतात. तिथून बेव्हल गिअरने फिरणं गाडीच्या मधोमध जाणाऱ्या लांब शाफ्टवर येतं आणि तो शाफ्ट पुढच्या-मागच्या दोन्ही बोगींचे (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांचा वळणारा सांगाडा) आस गिअरनेच फिरवतो. चाक एकदा फिरेपर्यंत क्रँक दोनदा किंवा जास्त फिरलेला असतो, म्हणून भुसके तितक्या पटीने वाढतात. याच जातीच्या शे इंजिनात तीन सिलिंडर असले की चाकाच्या फेऱ्याला बारा किंवा वर. कान फसतो तो इथे.

आता ताकदीचं. गिअरने ओढ वाढते हे खरं, पण चाक रुळावर घसरलं तर ती ओढ घेऊन करायचं काय? खरी मर्यादा पकडीची आहे आणि पकड येते चालत्या, म्हणजे इंजिन स्वतः फिरवतं त्या, चाकांवरच्या वजनातून. हिशोब मांडतो. इंजिन 20 टनांचं, पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी, चढ 1 ला 20. चढावर टनामागे 50 किलो ओढ लागते, रुळांचा विरोध 10 किलो धरू, एकूण 60. सगळी चाकं चालती असतील तर 4000 किलो ओढ मिळते, म्हणजे इंजिन धरून साधारण 66 टन. डब्यांना 46 उरले. तेच वजन निम्मंच चालत्या चाकांवर असेल तर एकूण 33, आणि त्यात 20 टन इंजिनच! डब्यांना उरले 13. चालतं वजन अर्धं झालं, पण डबे एक तृतीयांशाच्याही खाली आले. गिअरवाल्या इंजिनांचा जीव इथे आहे, सगळ्या बोगी चालत्या. मोठ्या शेमध्ये तर पाणी-कोळशाच्या मागच्या भागाखालची बोगीसुद्धा ओढते.

दुसरं म्हणजे धक्के. भुसके जवळजवळ आले की चाकावरचा जोर एकसारखा राहतो, त्यामुळे ओल्या रुळावर चाक उगाच सुटत नाही.

शेबद्दल थोडं सांगतोच, मला ते फार आवडतं. मिशिगनमधल्या इफ्राइम शे यांनी 1881 साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे ओहायोतल्या लिमाच्या कारखान्यात अशी 2700 च्या वर इंजिनं बनली. सिलिंडर उभे आणि सगळे उजव्या अंगाला, म्हणून तोल राखायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. उजव्या बाजूने चाकांच्या बाहेरून शाफ्ट जातो, त्यावरचे पिनियन (छोटे गिअर) चाकाच्या तोंडावर बसवलेल्या मोठ्या बेव्हल गिअरमध्ये अडकतात. वळणावर बोगी फिरली की शाफ्टची लांबी बदलते, म्हणून मध्ये क्रॉस आणि सरकता जोड. ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला असतात तेच. दाते मात्र पाऊस-धुळीत उघडेच असत. घट्ट वंगण थापून ठेवायचं, वाळू आत शिरली की दात्याचं तोंड खरवडत जायचं. अशा दात्यावर कडेला चकाकणारा पट्टा दिसतो, तो दिसला की समजायचं आता बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, वाढणार. गिअर बनवणाऱ्याला हे बघवत नाही, पण जंगलातल्या तात्पुरत्या, वाकड्यातिकड्या रुळांवरून ओंडके ओढायला याच्या तोडीचं काही नव्हतं.

घाटरूळ:
माथेरानचं मी सांगतो. तिथली जुनी इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची. सहा चाकं, सहाही चालती, आणि पाणी-कोळसा इंजिनावरच. भोसरीकरकाकांचा हिशोब लावा, सगळं वजन पकडीत आलंच की! अडचण राहिली वळणांची, कारण 610 मिमी गेजच्या त्या मार्गावर वळणं फार आवळ आहेत. त्यावर उपाय म्हणून क्लीन-लिंडनर नावाचे आस होते. टोकाच्या आसांना बाहेरून पोकळ नळी, चाकं नळीवर. आतला दांडा सरळच फिरतो, नळी चाकांसकट वळणाप्रमाणे तिरकी होते आणि बाजूलाही सरकते. मार्ग कायमचा, नीट आखलेला, 1907 साली सुरू झालेला, वर हलके डबे. गिअरचा खटाटोप करण्याचं कारणच उरत नाही.

मिताली_कोथरूड:
काका, 46 आणि 13 चे आकडे वहीत उतरवले, मुलीला दाखवणार आहे. म्हणजे गिअरवाली इंजिनं प्रवाशांसाठी नव्हतीच का?

घाटरूळ:
होती ना ताई. तैवानची आलिशान रेल्वे बघा, तीही 762 मिमी. रूळ टाकले ओंडक्यांसाठी, पण पुढे प्रवासी गाड्याही शे इंजिनांनीच ओढल्या, 18 आणि 28 टनांच्या. चढ 1 ला 16 पर्यंत. चिआयीच्या सपाटीवरून निघून 2200 मीटरच्या वर. वाटेत डोंगराभोवती गिरक्या घेत चढणारा मार्ग, त्याच्याही वर पुढे-मागे करत चढायचे टप्पे.

भोसरीकर:
आणि भाच्याला सांगा, क्लायमॅक्सचा व्हिडिओ पुन्हा घेणार असेल तर कॅमेरा खाली धरून दोन बोगींच्या मधला भाग टिप. सगळं यंत्र पोटाखाली आहे, वरून काढलेल्या व्हिडिओत ते येतच नाही. क्रँकशाफ्ट आडवा, मधला शाफ्ट उभ्या लांबीत, दोन्ही फिरताना दिसले तर इथे नक्की टाका. मला ते दाते बघायचेत.