मदत हवी आहे: रझा, गाडे आणि नागपूरची चित्रशाळा

नमस्कार मंडळी, मी धरमपेठेत राहतो, मुलगी फाईन आर्ट्सला आहे आणि तिच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघंही महिनाभर वाचून राहिलो. विषय असा की इंग्रजांच्या राज्यात नि नंतर आपल्या चित्रकारांनी 'भारतीय' म्हणजे काय ते कसं ठरवलं. सुरुवात बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांच्या १९०५ च्या 'भारतमाता' चित्रापासून केली. चार हात, त्यात पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र, जपमाळ. झेंडा नाही, सिंह नाही, साधी भगव्या कपड्यातली बाई, बघत राहावं असं चित्र आहे. पण तो धूसर वॉश, म्हणजे पातळ पाणीदार रंगांची पद्धत, जपानी चित्रकारांकडून आलेला, मग स्वदेशी कशाला म्हणायचं इथं पोरगी अडली, आणि खरं सांगू तर मीही.

त्यात १९४७ चा मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, तो काढणाऱ्या सहा जणांपैकी एस. एच. रझा आपल्या नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले, ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातले. यांनी तर अवनींद्रनाथांची बंगालची वाट सोडून युरोपकडे पाहिलं, पण पुढं रझांच्या कॅनव्हासवर बिंदू आला. मला तर हे जास्त प्रामाणिक वाटतं, पण तुमचं मत सांगा.

नागपूरच्या त्या चाळीसच्या दशकातल्या चित्रशाळेबद्दल कोणाकडे मराठीत काही लेख, जुने कॅटलॉग, घरातल्या मोठ्यांच्या आठवणी आहेत का? आणि नंदलाल बोस यांच्या चमूनं सजवलेल्या संविधानाची प्रतिकृती इथं कुठं नीट पाहायला मिळते? पोरीला पानांवरची चित्रं जवळून बघायची आहेत, मोबाईलवर काही कळत नाही. पंधरा तारखेला जमा करायचं आहे, लवकर सांगा प्लीज.