क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडताना रोजचा खर्च कसा आवरावा?

अबोली

नमस्कार. माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डे आहेत. पहिल्यावर सुमारे १,००,००० थकबाकी असून तिच्यावर महिना ३ टक्के व्याज लागते. दुसऱ्यावर ३०,००० असून व्याज महिना २.५ टक्के आहे. दोन्ही कार्डांची किमान देय रक्कम मी न चुकता भरते, त्यामुळे विलंबशुल्क कधी लागलेले नाही. तरीही थकबाकीचा आकडा जागचा हलत नाही, कारण किराणा, औषधे, प्रवास असा घरचा बहुतेक खर्च याच कार्डांवरून होतो. दोन्ही कार्डांसाठी मिळून दरमहा ८,००० निश्चित बाजूला काढता येतील. बचत खात्यात ४०,००० आहेत, पण त्यांना हात लावण्याची भीती वाटते. आधी कोणते कार्ड फेडावे, बचत वापरावी की नाही, आणि सगळी थकबाकी एका कर्जात वळवणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

खतावणी

आपल्या प्रश्नांच्या क्रमाआधी एक मुद्दा मांडतो, कारण माझ्या मते अडचणीचे मूळ तिथे आहे. बिल पूर्ण भरले जात असते तोपर्यंत नव्या खरेदीवर काही आठवड्यांची बिनव्याजी मुदत मिळते. थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर ही मुदत संपते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. म्हणजे आज कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही आपण व्याज मोजत आहात. थकबाकी आणि रोजचा खर्च हे आपल्याला दोन वेगळे प्रश्न वाटत असतील, पण हिशेबात तो एकच प्रश्न आहे, आणि खरेदी कार्डावरून हलवल्याशिवाय फेडीचा कोणताही आराखडा टिकणार नाही. पॉइंट आणि कॅशबॅक यांचा मोह या काळात सोडावा; महिना ३ टक्के व्याज भरून एक-दोन टक्के परत मिळवण्यात काहीच हाती लागत नाही. कार्डावरून रोख रक्कम तर मुळीच काढू नये, कारण तिथे बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि शुल्क वेगळे.

आता किमान देय रकमेचा हिशेब पाहू. ही रक्कम थकबाकीच्या ५ टक्के धरू, नवी खरेदी शून्य धरू, आणि शुल्क व कर बाजूला ठेवू. १,००,००० वर पहिल्या महिन्याचे व्याज मिळवून १,०३,००० होतात आणि भरायची रक्कम ५,१५० येते. पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी घटते, तशी किमान रक्कमही घटते, आणि मेख इथेच आहे. असे चालू राहिल्यास थकबाकी निम्मी व्हायलाच सुमारे ३२ महिने लागतात आणि तोवर जवळपास १,२०,००० भरून झालेले असतात. त्याऐवजी पहिल्या महिन्याची ५,१५० हीच रक्कम, बिलात कितीही कमी आकडा छापून आला तरी, दरमहा भरत राहिल्यास संपूर्ण थकबाकी सुमारे ३० महिन्यांत फिटते. म्हणून आपले ८,००० हा आकडा बिलाकडे पाहून ठरवू नका. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती रक्कम आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. देय तारखेची वाट न पाहता लवकर भरल्यास व्याजही थोडे वाचते, कारण ते दररोजच्या शिल्लक थकबाकीवर मोजले जाते.

क्रमाबद्दल नियम सरळ आहे: ज्या कार्डाचा व्याजदर जास्त, ते आधी. दुसऱ्या कार्डाला किमान रक्कम द्यावी आणि उरलेले सगळे पहिल्यावर घालावे.

पैपाहुणा

खतावणी यांच्या बाकी म्हणण्याशी सहमत आहे, क्रमाबद्दल मात्र नाही. मी दोन्ही मार्गांचा हिशेब मांडून पाहिला. दरमहा ८,०००, ज्या कार्डाची पाळी नंतर येते त्याला तोवर आजच्या किमान रकमेइतका हप्ता (मोठ्या कार्डाला ५,०००, छोट्याला १,५००), आणि नवी खरेदी नाही, असे धरले तर दोन्ही मार्गांनी सगळे फिटायला सुमारे २२ महिने लागतात. जास्त व्याजाचे कार्ड आधी फेडल्यास जेमतेम आठवडाभर वाचतो. छोटे कार्ड आधी घेतल्यास ते वर्षाच्या आत मोकळे होते, एक बिल कायमचे कमी होते आणि त्या कार्डावरची बिनव्याजी मुदतही परत मिळते. व्याजदरांत मोठी तफावत असती तर मी हे म्हटले नसते. इथे ती अर्ध्या टक्क्याची आहे.

रोजच्या खर्चाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे आराखडे तिथेच कोसळतात. महिन्याचे अंदाजपत्रक केले की पहिल्या दहा दिवसांत हात सैल सुटतो आणि शेवटच्या दहा दिवसांत पुन्हा कार्ड बाहेर येते. त्याऐवजी भाडे, वीज, शाळेची फी, विमा असे ठरलेले खर्च एका खात्यात ठेवावेत आणि रोजच्या खर्चासाठी दुसरे खाते उघडून त्यात दर सोमवारी ठरावीक रक्कमच भरावी. शुक्रवारी ती संपली तर सोमवारपर्यंत थांबणे जमते. वीस तारखेला महिन्याची रक्कम संपली तर दहा दिवस थांबणे कुणालाच जमत नाही. साप्ताहिक रक्कम ठरवताना मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट समोर घ्या, पण प्रत्येक ओळीचे वर्गीकरण करत बसू नका. तिन्ही महिन्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींवर फक्त खूण करा. वापर नसताना चालू राहिलेली वर्गणी, एकाच आठवड्यात चार वेळा मागवलेले जेवण, एखाद्या ॲपचे आपोआप झालेले नूतनीकरण अशा ओळी लगेच डोळ्यांत भरतात. खरेदीच्या संकेतस्थळांवर आणि ॲपमध्ये साठवून ठेवलेले कार्डही काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाइप करायचे म्हटले की निम्म्या खरेदीची गरज आपोआप संपते.

आणखी एक खर्च बहुतेकांच्या यादीत नसतो, तो म्हणजे वर्षातून एकदा येणारा: विम्याचा हप्ता, वाहनाची दुरुस्ती, लग्नकार्याचा आहेर. त्यांची वर्षाची बेरीज करून बारावा भाग दरमहा बाजूला ठेवला नाही, तर फिटत आलेले कार्ड नेमके त्याच महिन्यात पुन्हा भरते.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. साप्ताहिक रकमेची कल्पना या सोमवारपासून अमलात आणते. छोटे कार्ड आधी, हेही ठरवले आहे. बचतीचे आणि कर्जाचे मात्र अजून समजून घ्यायचे आहे. बँकेकडून पहिल्या कार्डाची थकबाकी ईएमआयमध्ये बदलून देण्याचा फोन आला होता आणि दर वर्षाला १२ टक्के असल्याचे सांगितले गेले.

तिसरी घंटा

तो १२ टक्के दर घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, हे लेखी विचारा. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर आकारले जाते, आपण अर्धे मुद्दल फेडले तरीही. दोन वर्षांच्या मुदतीसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. महिना ३ टक्क्यांपेक्षा तोही बराच स्वस्त आहे, त्यामुळे मी नाही म्हणणार नाही. पण प्रक्रिया शुल्क किती, मुदतीपूर्वी फेडल्यास दंड किती, आणि हप्ता आपल्या ८,००० मध्ये बसतो का, हे पाहूनच होकार द्यावा. वैयक्तिक कर्जालाही हेच प्रश्न लागू होतात. मोकळी झालेली मर्यादा वापरली जाण्याचा धोका दोन्हींत आहे, म्हणून कर्ज मंजूर होताच कार्डाची मर्यादा कमी करण्याचा अर्ज द्या. थकबाकीपेक्षा कमी रकमेत तडजोड करून खाते बंद करण्याचा प्रस्ताव कधी आला तर तो शेवटचा पर्याय समजावा, कारण त्याची नोंद पतअहवालात राहते आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते.

बचतीबाबत भीती रास्त आहे, पण तिची किंमतही मोजा. ४०,००० पैकी साधारण महिनाभराच्या अत्यावश्यक खर्चाएवढी रक्कम ठेवून उरलेली थकबाकीवर घालावी. समजा पहिल्या कार्डावर २५,००० भरले, तर पहिल्या महिन्यापासूनच ७५० व्याज वाचते आणि फेडीचा काळ सुमारे साडेपाच महिन्यांनी कमी होतो. बचत खात्यावर तेवढ्याच रकमेला मिळणारे व्याज याच्या आसपासही जात नाही. सगळी बचत मात्र रिकामी करू नका, कारण पुढच्या आजारपणात पुन्हा कार्डच काढावे लागेल.

शेवटचे एक, कारण त्यावरून अनेकांचा गोंधळ होतो. थकबाकी पुढे ओढलेली असताना स्टेटमेंटवरील संपूर्ण रक्कम भरली, तरीही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडे व्याज येते. स्टेटमेंटची तारीख आणि आपण पैसे भरल्याचा दिवस यांच्यामधल्या दिवसांचे ते असते. ही बँकेची चूक समजून ते भरायचे राहू देऊ नका, अन्यथा त्या किरकोळ रकमेवरही विलंबशुल्क लागू शकते. बिनव्याजी मुदत परत लागू होण्यासाठी काही बँका सलग दोन बिले पूर्ण भरण्याची अट घालतात. आपल्या कार्डाच्या अटींमध्ये ते पाहून घ्या आणि तोवर त्यावर नवी खरेदी करू नका.