लर्निंग लायसन निघालं, आता पोराशेजारी बापानं बसायचं का?

कृष्णाकाठ, सांगली: ड्रायव्हिंगच्या क्लासला रोज अर्धा तास, वीस दिवस. म्हणजे सगळे मिळून १० तास. त्यात ना रात्र, ना पाऊस. पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनी देता येते, पण लर्निंग ६ महिने चालतं. मग टेस्टची घाई कशाला? पुढं-मागं 'एल' लावून, पक्कं लायसन असलेल्या आईनं किंवा बापानं शेजारी बसून हे महिने वापरावेत.

घाटरस्ता, सातारा: बसून करणार काय? क्लासच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली ब्रेक असतो. घरच्या गाडीत फार तर हँडब्रेक. वेगात तो खसकन ओढला की मागची चाकं जाम आणि गाडी आडवी. शिवाय पेट्रोल वाचवायला यवतेश्वरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे बाप कमी नाहीत. न्यूट्रलला इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पाय दाबूनही गाडी आवरत नाही. पोरगं तेच उचलणार.

कृष्णाकाठ: म्हणून आधी घाट नाहीच. पहिले चार दिवस मोकळं मैदान. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसत्या क्लचवर गाडी हलवायची. गाडी जिथं थरथरते तिथं पाय थोपवायचा. हे पायात बसलं की चढावर गाडी मागं येत नाही. मग सकाळी सहाला विश्रामबागच्या आतल्या गल्ल्या.

मिरजवाला: अठराची वाट कशाला बघायची? ट्यूशनच्या टायमाला एसटी नाही, पोरं स्कूटीवरच जातात की ओ.

घाटरस्ता: ती ११० सीसीची. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसी बिनगिअरचं, तेही पालकाच्या लेखी संमतीनं. २०१९ च्या दुरुस्तीनं पोराच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

उसाचा फड: उसाच्या ट्रॉल्यांचं बोला राव. हंगामात एका ट्रॅक्टरमागं दोन, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईस्तोवर दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. थांबायला अजून वीसेक, एकूण ४५. लो बीमचा कामाचा उजेड जेमतेम तेवढाच. समोरच्यानं अप्पर मारला तर तोही गेला. रात्री ४० च्या वर जायचंच नाही, हे क्लासवाला दिवसाउजेडी कसं शिकवणार?

घाटरस्ता: बरं, रात्रीपुरतं मान्य. पण 'अरे अरे अरे!' बंद. त्यानं पोरगं रस्ता सोडून बापाकडं बघतं. वळण १०० मीटर आधी सांगायचं, चूक झाली तर गाडी कडेला घेऊन बोलायचं.

कृष्णाकाठ: आणि मधूनच विचारायचं, 'मागं कुठली गाडी आहे?' आरशात बघून मग सांगितलं, तर आधी बघितलेलं नव्हतं.