निबंधाचा प्रकार बदलला की नेमके काय बदलायचे?

शाईदौत : नववीतल्या मुलांसाठी विचारते आहे. वर्णनात्मक, प्रसंगलेखन, आत्मवृत्त, कल्पनाप्रधान, वैचारिक ही यादी मुलांना तोंडपाठ असते. पण पाचही निबंध वाचायला सारखेच लागतात. आधी सुविचार, मग फायदे, शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी’. शब्दमर्यादा साधारण 200, वेळ अर्धा तास. विषय हातात पडल्यावर प्रकार ओळखायचा कसा आणि त्याप्रमाणे बदलायचे काय?

काना_मात्रा : खूण बहुतेक वेळा विषयाच्या शब्दांतच असते. ‘मनोगत’ किंवा ‘मी बोलतोय’ असेल तर आत्मवृत्त. ‘असतो तर’, ‘नसते तर’ म्हणजे कल्पना. ‘शाप की वरदान’, ‘महत्त्व’, ‘गरज’ म्हणजे वैचारिक. ‘मी पाहिलेला’, ‘मी अनुभवलेला’ म्हणजे प्रसंग. खूण सापडली की आधी दोनच गोष्टी ठरवायच्या : बोलणारा कोण आणि क्रियापदाचा काळ कोणता.

प्रसंगलेखन फसते ते सुरुवातीला. ‘मी अनुभवलेला पाऊस’ लिहायचा असतो आणि पहिल्या 80 शब्दांत मूल उठते, आवरते, दप्तर भरते. प्रसंग तासा-दोन तासांचाच घ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या आत पहिला थेंब पडू द्या. ‘खूप मजा आली’ या वाक्याच्या जागी दिसलेले, ऐकू आलेले, अंगाला जाणवलेले असे एकेक लिहा. काळ भूतकाळ.

वर्णनात प्रसंग नसतो, त्यामुळे वर्तमानकाळ चालतो. तिथे क्रम सांभाळावा लागतो : लांबून जवळ किंवा सकाळपासून रात्रीपर्यंत. दोन्ही क्रम एकत्र केले की वाचणारा हरवतो.

जोडाक्षर : आत्मवृत्तात हमखास होणारी चूक लिंगाची. नदी ‘मी वाहते’ म्हणेल, वृक्ष ‘मी वाढलो’ म्हणेल. पण पुस्तक, झाड हे शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे मुले पहिल्या परिच्छेदात ‘मी आलो’ आणि तिसऱ्यात ‘मी आले’ लिहितात. कोणतेही एक रूप धरा, पण शेवटपर्यंत तेच ठेवा. दुसरे असे, की फाटक्या पुस्तकाला कपाटाबाहेरचे सगळे जग कसे दिसेल? ज्याचे मनोगत, त्याला जेवढे कळू शकते तेवढेच लिहायचे. जन्म, चांगले दिवस, दुरवस्था, अपेक्षा हा साचा वाईट नाही. फक्त जन्माला 30 शब्दांपेक्षा जास्त देऊ नका.

कल्पनाप्रधान निबंधात क्रियापदांची जोडी तपासा. ‘मी पक्षी झालो तर उडेन’ बरोबर, ‘मी पक्षी असतो तर उडालो असतो’ हेही बरोबर. ‘असतो तर उडेन’ मात्र कानाला खटकते.

उलटतपासणी : वैचारिक निबंधाबद्दल कुणी बोलले नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. ‘शाप की वरदान’ आले की मुले अर्धे फायदे, अर्धे तोटे लिहून ‘दोन्ही बाजू आहेत’ म्हणत निसटतात. मग ‘की’ला उत्तर मिळालेच नाही! पहिल्या दोन-तीन वाक्यांत आपली बाजू सांगा. मग दोनच मुद्दे घ्या आणि प्रत्येकाला एक कारण, एक उदाहरण जोडा. 200 शब्दांत पाच मुद्दे कोंबले की त्यांची नुसती यादी होते. त्यानंतर विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊन तो का पुरेसा नाही ते सांगा. सुविचार घालायला माझी हरकत नाही, पण तो काढूनही निबंध तसाच राहत असेल तर काढाच.

शाईदौत : ‘नदी बोलू लागली तर’ हा विषय कशात धरायचा? खुणा दोन्हीकडच्या दिसतात.

काना_मात्रा : चौकट कल्पनेची, गाभा आत्मवृत्ताचा. दोन वाक्यांत ती बोलू लागते ते दाखवा, मग अवतरणचिन्ह उघडून तिलाच बोलू द्या. शेवटच्या दोन-तीन वाक्यांत लिहिणाऱ्याकडे परत या. ते चिन्ह मिटायला मुले विसरतात आणि मग शेवटचा परिच्छेद कोण बोलतेय ते कळत नाही.

वेळेचे म्हणाल तर 5 मिनिटे मुद्दे, 20 लेखन, 5 वाचन. त्या शेवटच्या पाचात फक्त क्रियापदांवरून बोट फिरवायचे. काळ आणि लिंग घसरले असेल तर तिथेच सापडते.