हिमेश रेशमिया: आधी नकोसा, आता हवासा. तुमचं काय?

पेटीवाला:
2005 साली ‘आशिक बनाया आपने’ आलं तेव्हा मी कराडला कॉलेजात होतो. रिक्षा, स्टँडवरची कॅसेटची टपरी, हॉस्टेलच्या खोल्या, जावं तिथे संगीतकार-गायक हिमेशचा तोच नाकातला आवाज. मी लहानपणापासून पेटी शिकलेलो. रूममेटने ते गाणं लावलं की मी उठून बाहेर जायचो.

पुढच्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी होती. बँजोवाल्याची डाव्या हाताची बोटं बटणांवर पळत होती, उजवा हात तारा छेडत होता. चाल ऐकून मी जागीच थांबलो, आणि दुसऱ्या ओळीला कळलं की हे तर ‘झलक दिखला जा’! गाणाऱ्याचा आवाज बाजूला झाला तशी चाल कानात शिरली. घरी येऊन लगेच पेटीवर काढली. मग समजलं, ‘तेरे नाम’ची (2003) चाल हिमेशचीच, 1998 चं ‘ओढ ली चुनरिया’सुद्धा. ही गाणी मी वर्षानुवर्षं आवडीने वाजवत होतो, संगीतकाराचं नाव कधी बघितलंच नव्हतं.

आवाज आवडायला मात्र आणखी दहा वर्षं गेली. एका रात्री पुण्याहून गावी निघालो होतो, खंबाटकी घाटात ड्रायव्हरने ‘तेरा सुरूर’ लावलं. हिमेश वरच्या पट्टीत हाक मारतो आणि त्या हाकेत जराही संकोच नसतो. तेव्हापासून तो आवाज मला खरा वाटतो.

तानपुरा_जुळवा:
असहमत. चाली चांगल्या आहेत, मान्य. पण मग स्वतः गायचा हट्ट कशाला? त्याच 2005 मध्ये सोनू निगमने ‘पियू बोले’ आणि ‘धीरे जलना’ गायलं होतं. आणि त्या वर्षीचं पार्श्वगायकाचं फिल्मफेअर मिळालं हिमेशला! मला ते अजून पटलेलं नाही. तुम्हाला आवडतंय ते तुमचं विशीतलं हॉस्टेल, गाणं नव्हे.

पेटीवाला:
अहो, त्या काळातली डझनभर गाणी आज लागली तर मी पुढे ढकलतो. नुसती आठवण असती तर तीही आवडली असती ना?

रिक्षावाल्याची_लेक:
माझे बाबा ठाण्यात रिक्षा चालवायचे. मागे स्पीकर लावलेले, गाणी बहुतेक हिमेशची. एकदा एक बाई बसताक्षणी म्हणाल्या, “हे असलं बंद करा.” बाबांनी मुकाट्याने बटण फिरवलं. त्या उतरल्यावर पुन्हा लावलं, पण आवाज कमी ठेवून. मी शेजारी बसले होते, नववीत असेन. त्या बाईंना गाणं नको होतं की ते ऐकणारे, हे मला आजही ठरवता येत नाही. “नाकात गातो” असं म्हणताना लोकांचं तोंड वाकडं व्हायचं, ते मी समोरून पाहिलंय.

तानपुरा_जुळवा:
ताई, वाचून वाईट वाटलं. बाबांशी असं वागायला नको होतं. पण मीही गिरणगावातल्या चाळीत वाढलोय, आमच्या खालच्या पानवाल्याकडे हेच वाजायचं. मला आवाज आवडत नाही, कारण तो एकाच जागी अडकतो. त्यात कुणाला कमी लेखणं नाही.

रात्रपाळी:
+1 तानपुरा. 2025 मध्ये मुंबईत त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा माझ्या ऑफिसातली पोरं त्याच्यासारख्या टोप्या घालून गेली होती. निघताना सगळी चेष्टाच. याला आवड म्हणायचं?

रिक्षावाल्याची_लेक:
निघताना चेष्टा, आणि परत आल्यावर?

रात्रपाळी:
परत आल्यावर आठवडाभर तीच गाणी गुणगुणत होती, हे खरंय.

पेटीवाला:
तानपुरा, एक विनंती. ‘तेरे नाम’चं शीर्षकगीत पेटीवर सावकाश वाजवून बघा, शब्द मनात न आणता. मग बोलू.

तानपुरा_जुळवा:
काल रात्री वाजवलं, दोनदा. चाल उत्तम आहे, पूर्ण मान्य. पण ते गायलंय उदित नारायणने, पेटीवाले!